तीन फुल्या

बोर्नमथला आमच्या मजल्यावरून समुद्र दिसतो,
म्हणजे दोन हॉटेलांच्या मधली करडी पट्टी.
तिच्याकडे पाठ करून मी बसते
आणि अडलेले पैसे सोडवते.

काम सोपं आहे. कोड आठ अक्षरांचा असतो किंवा अकरा.
पहिली चार बँकेची, पुढची दोन देशाची,
दोन गावाची, शेवटची तीन शाखेची.
शाखेचं ठाऊक नसेल तर तिथे तीन फुल्या मारायच्या.
पैसे मग मुख्य कचेरीत उतरतात
आणि तिथून कुणीतरी त्यांना घरी सोडतं.

शेजारची मॉरीन वाढदिवसाच्या कार्डावर
नावाखाली तीन फुल्या काढते. इथे त्या पाप्या असतात.
पहिल्या वर्षी मला वाटलं, बाईनं शिवी हासडली.
आपल्याकडे छापताना शिवीच्या जागी फुल्याच येतात.
चार दिवस मी तिच्याशी तुटक बोलले.
का, ते तिला अजून माहीत नाही.

मंगळवारी तेच पेमेंट तिसऱ्यांदा परत आलं.
एकशे नव्वद पौंड.
पाठवणार दिगंबर केळुसकर, मुक्काम पूल.
घेणार द्वारका परुळेकर, आचरे.
कारणाच्या रकान्यात, रोमन लिपीत: कानाचं मशीन.

फोन लावला. नियमाप्रमाणे इंग्रजीत,
नियमाप्रमाणे जन्मतारीख, पोस्टकोड,
आणि आईचं माहेरचं आडनाव.
पलीकडे कढईत काहीतरी तडतडत होतं.
ते म्हणाले, परुळेकर.

मी थांबले.
बँकेनं कुलपात ठेवलेलं गुपित
घेणाऱ्याच्या रकान्यात उघडंच बसलं होतं.
मावशी. माहेरचंच नाव म्हातारपणापर्यंत नेलेली.
एक म्हण जिभेवर आली, ती गिळली.
कॉल रेकॉर्ड होत होता.

तुम्ही भरलेला कोड वाचून दाखवा, मी म्हणाले.
चश्मा शोधला असावा. मग एकेक अक्षर,
चार झाली, पाचव्याला अडखळले:
देन... पूज्य.

आमचे बापटमास्तर वहीवर लाल पूज्य काढायचे,
भोपळा म्हणणं त्यांना हलकं वाटायचं.
त्यानंतर हा शब्द मी ऐकला
तो इथे, हेडफोनमध्ये, डाव्या कानात.
पूज्य? ओ नाही ना?
नाही हो बाई, पूज्य.
एवढं मराठी आता कंपनीच्या सर्व्हरवर
सात वर्षं जपून ठेवलं जाईल.

मग समजावलं: हा कोड देशातल्या देशात चालतो.
त्यात आचऱ्याच्या शाखेला स्वतःचा आकडा आहे.
बाहेरून येणाऱ्या पैशाला तो वाचता येत नाही.
जगाच्या यादीत आचरे नाही, मुंबई आहे.
म्हणजे पैसे मुंबईला उतरणार?
उतरणार, आणि पुढे जाणार.
एकटे?

मी म्हटलं, खाते नंबर आहे सोबत,
आणि तुमचा पूज्यवाला कोड मी खालच्या ओळीत लिहिते,
कुणी विचारलंच तर पत्ता असावा.
वाटेतली एखादी बँक काही पौंड कापेल, तेही सांगितलं.
घेऊ दे. होडीवाला घेतोच.

मग टाइप केलं. बँकेची चार. आय एन.
गावाची दोन, ज्यांत मुंबई अजून बॉम्बेच आहे.
आणि शेवटी, शाखा चांगली ठाऊक असूनही,
तीन फुल्या.
मॉरीनच्या हिशेबानं त्या मावशीला गेल्या.

गुरुवारी पेमेंट रांगेत नव्हतं.
आमच्याकडे हीच पोच.
जे परत येत नाही ते पोचलं, असं धरायचं.
मशीन कानाला नीट बसलं की शिट्टी मारतं,
ते कळवायला रकाना नाही.